फेरेटमधील प्रतिकारदमन औषधे आणि त्यांचे दुष्परिणाम

प्राणी

फेरेट हा पाणमांजराच्या कुळातला, युरोपातील पोलकॅटपासून माणसाळवलेला लहान मांसाहारी प्राणी. एके काळी सशांच्या शिकारीसाठी पाळला जाई. आज अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये तो घरात पाळतात. मादीचे वजन बहुधा किलोच्या आत भरते, नराचे एक ते दोन किलो.

औषधे कशासाठी

आतड्याचा दीर्घकालीन दाह हे मुख्य कारण. स्नायूंचा दाह, काही रक्तविकार आणि लिम्फोमा हा कर्करोग यांतही ही औषधे वापरतात. पहिली निवड प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची. ते अपुरे पडल्यास अझाथायोप्रिन, सायक्लोस्पोरिन, क्लोरॅम्ब्युसिल किंवा सायक्लोफॉस्फामाइड. इन्सुलिनोमा या स्वादुपिंडाच्या गाठीतही प्रेडनिसोलोन देतात, पण तिथे हेतू रक्तातील साखर वाढवण्याचा असतो.

स्टिरॉइडचे परिणाम

फेरेट स्टिरॉइड बऱ्यापैकी सोसतो. या बाबतीत तो उंदरापेक्षा माणसाच्या जवळचा आहे. तरीही उपचार महिनोन्‌महिने चालला की तहान व लघवी वाढते, स्नायू झिजतात, पोट सुटते, त्वचा पातळ होते आणि जखमा उशिरा भरतात. बाहेरून कॉर्टिसोलसारखे द्रव्य मिळत राहिल्याने अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे उत्पादन घटवते. म्हणून औषध टप्प्याटप्प्यानेच कमी करावे लागते. प्राणी बरा दिसतो म्हणून एकदम थांबवल्यास तो गळून जातो, प्रसंगी कोसळतो.

दुष्परिणाम की दुसरा आजार?

फेरेटच्या उपचारातील खरी अडचण येथे आहे. औषधाच्या दुष्परिणामांसारखीच दिसणारी लक्षणे या प्राण्याच्या नेहमीच्या आजारांतही आढळतात. शेपटीपासून केस गळू लागले तर आधी अधिवृक्क ग्रंथीच्या विकाराची शंका घ्यावी लागते; फेरेटमध्ये हा विकार बहुतेक वेळा लैंगिक संप्रेरकांचा असतो, कॉर्टिसोलचा नव्हे. सुटलेले पोट हे वाढलेल्या प्लीहेचेही असू शकते. मागच्या पायांतील अशक्तपणा स्टिरॉइडने झिजलेल्या स्नायूंमुळे येतो, तसाच इन्सुलिनोमात साखर उतरल्यानेही येतो. निरोगी फेरेटच्या रक्तात दर १०० मिलिलिटरला साधारण ९० ते १२० मिलिग्रॅम साखर असते. ती ६०च्या खाली गेल्यास इन्सुलिनोमाचा दाट संशय येतो. स्टिरॉइड ही घसरण झाकून ठेवते. मात्रा कमी करताना प्राणी एकटक पाहत राहू लागला किंवा पाय ओढू लागला, तर लपलेला आजार उघड झाल्याची शक्यता तपासावी लागते.

लिम्फोमाबाबत क्रमाला विशेष महत्त्व आहे. स्टिरॉइड लिम्फ पेशी मारते, त्यामुळे नंतर घेतलेला ऊतीचा नमुना फसवा ठरू शकतो. नमुना आधी, औषध नंतर, हाच सुरक्षित क्रम.

जठर

हेलिकोबॅक्टर मस्टेली हा जिवाणू बहुतेक प्रौढ फेरेटच्या जठरात असतो आणि पुष्कळदा उपद्रव देत नाही. स्टिरॉइडने जठराचे संरक्षक अस्तर दुर्बळ झाले की व्रणांचा धोका वाढतो. दात खाणे, पंज्याने तोंड खाजवणे, लाळ गळणे ही मळमळीची व वेदनेची चिन्हे. डांबरासारखी काळी, चिकट विष्ठा म्हणजे वरच्या पचनमार्गातील रक्तस्राव. दाहशामक वेदनानाशक स्टिरॉइडसोबत देणे म्हणूनच धोक्याचे.

अस्थिमज्जा आणि यकृत

अझाथायोप्रिन पेशींच्या विभाजनात अडथळा आणते. त्याचा फटका अस्थिमज्जेला बसतो. पांढऱ्या पेशी घटतात, यकृतालाही इजा होऊ शकते. सायक्लोफॉस्फामाइडमुळे मूत्राशयातून रक्तस्राव होण्याचा धोका असतो. नियमित रक्ततपासणी आवश्यक आहे, पण ८०० ग्रॅमच्या मादीच्या शरीरात एकूण रक्त जेमतेम ५० मिलिलिटर असते. तपासण्या जपूनच ठरवाव्या लागतात.

संसर्ग

प्रयोगशाळेत कित्येक आठवडे कॉर्टिसोन दिलेल्या फेरेटना न्यूमोसिस्टिस बुरशीचा न्यूमोनिया झाला आहे. फ्लू तर माणसाकडूनच येतो: १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी रुग्णाच्या घशातील द्रव फेरेटला देऊनच मानवी फ्लूचा विषाणू वेगळा केला. त्यामुळे घरात कोणाला फ्लू असेल तर उपचार चालू असलेल्या फेरेटपासून त्याने दूर राहणे हिताचे. डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग फेरेटमध्ये जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, आणि प्रतिकारशक्ती दबलेली असताना त्याची जिवंत लस टाळावी लागते. शक्य तेथे लसीकरण उपचाराआधी उरकणे श्रेयस्कर.

मात्रेचा प्रश्न

अझाथायोप्रिनची फेरेटसाठी प्रचलित मात्रा किलोमागे सुमारे ०.९ मिलिग्रॅम आहे, आणि माणसांची नेहमीची गोळी ५० मिलिग्रॅमची. ८०० ग्रॅमच्या मादीला त्या गोळीचा सुमारे सत्तरावा भाग लागतो. तो सुरीने कापणे अशक्य. म्हणून औषधविक्रेत्याकडून पातळ मिश्रण बनवून घेतात. पूड तळाशी बसत असल्याने बाटली दर वेळी नीट हलवावी लागते, अन्यथा सुरुवातीच्या मात्रा सौम्य आणि शेवटच्या घातक होतात. हे औषध हाताळताना हातमोजे घालतात. मुलांसाठीचे प्रेडनिसोलोनचे सिरप सोयीचे वाटते, मात्र काहींत साखर किंवा अल्कोहोल असते, आणि इन्सुलिनोमा असलेल्या फेरेटमध्ये साखरेचा गोड घोट इन्सुलिनचा उलट उसळा आणू शकतो. अशा वेळी साखरविरहित मिश्रण मांसाच्या लगद्यात कालवून देतात.