चुलीचा धूर आणि आपला श्वास

मनुष्य अन्नावाचून काही आठवडे आणि पाण्यावाचून काही दिवस तग धरू शकतो; हवेवाचून मात्र तो काही मिनिटांतच कासावीस होतो. प्रौढ व्यक्ती दिवसाकाठी सुमारे १०,००० लिटर हवा श्वासावाटे आत घेते. अन्न निवडून खाता येते, पाणी गाळून, उकळून पिता येते. हवेच्या बाबतीत तशी सोय नसते. आपण जेथे असू तेथील हवा घ्यावीच लागते. म्हणूनच हवेच्या शुद्धतेचा आपल्या आरोग्याशी अत्यंत निकटचा संबंध आहे.

हवेचे प्रदूषण म्हटले, की कारखान्यांची धुराडी आणि वाहनांनी गजबजलेले रस्ते डोळ्यांपुढे येतात. परंतु असंख्य कुटुंबांत प्रदूषणाचा आरंभ याहून कितीतरी जवळ, घरातल्या चुलीपाशी होतो. लाकूडफाटा, गोवऱ्या किंवा पऱ्हाट्या चुलीत पूर्णपणे जळत नाहीत. या अर्धवट ज्वलनातून काजळी, विषारी वायू आणि सूक्ष्म कण बाहेर पडतात.

ज्या कणांचा व्यास २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असतो, त्यांना 'पीएम २.५' असे म्हणतात. माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे तिसावा भाग, एवढाच त्यांचा आकार! मोठी धूळ नाकात आणि घशात अडकते. हे कण मात्र थेट फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही मिसळतात. त्यामुळे श्वसनाचे जुनाट विकार, हृदयरोग, पक्षाघात आणि फुप्फुसांचा कर्करोग यांचा धोका वाढतो. या कणांची वार्षिक सरासरी दर घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केली. भारताने २००९ साली ठरवलेली मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. चूल पेटलेली असताना कोंदट स्वयंपाकघरातील प्रमाण या दोन्ही आकड्यांच्या अनेक पट वर जाते.

या धुराची सर्वाधिक झळ स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला आणि तिच्या कडेवरील मुलाला बसते. घरातील धुरामुळे पाच वर्षांखालील बालकांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. गर्भवतीच्या बाळाचे जन्माचे वजन कमी भरू शकते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. थंडीच्या दिवसांत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, त्याचे कारण हेच.

धूर घरातच राहत नाही. कौलांच्या फटींतून बाहेर पडून तो गावाच्या, शहराच्या हवेत मिसळतो. काजळी सूर्याची उष्णता शोषून हवा तापवते. वाऱ्याबरोबर ती हिमालयापर्यंत पोहोचते. तेथील शुभ्र बर्फावर ती साचली, की बर्फ अधिक उष्णता शोषतो आणि लवकर वितळू लागतो.

यावर उपाय झाले नाहीत, असे नाही. १९८३ साली केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून १० कोटींहून अधिक गॅसजोडण्या गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे देण्यात आल्या. परंतु जोडणी मिळाली म्हणजे चूल विझली, असे होत नाही. रिकामे सिलिंडर पुन्हा भरून आणण्याचा खर्च अनेक घरांना जड जातो आणि सरपण फुकट मिळते, असे वाटून पुन्हा चूल पेटते. वास्तविक ते फुकट नसते. त्याची किंमत सरपण गोळा करणारी स्त्री आपल्या वेळेने आणि श्वासाने चुकवत असते.

चूल वापरणे अपरिहार्य असेल, तर वाळलेलेच सरपण वापरावे, धुराला बाहेर जाण्यास वाट ठेवावी, लहान मुलांना चुलीपासून दूर ठेवावे आणि बंद खोलीत शेगडी कधीही पेटती ठेवू नये. मात्र या काळजीने धोका कमी होतो, संपत नाही. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला खोकला यायचाच, असे मानण्याची आपल्याला सवय झाली आहे. तो खोकला नेहमीचा असला, तरी स्वाभाविक नव्हे. घरखर्चाचा हिशेब मांडताना इंधनाच्या पैशांपुढे हा खोकलाही मांडला, तर स्वच्छ इंधन महाग वाटणार नाही.