आडोसा

पहाटे ५.४५

आषाढाचा पाऊस रात्रभर पडून गेला आहे. घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात आहेत, कृष्णा तांबूस झाली आहे. मी रोज या वेळी इथून चालत जाते आणि दिसेल त्याला ओळख देते. दूधवाला, ढोल्या गणपतीला फुलं नेणाऱ्या बायका, छत्री काखेत धरून फिरायला निघालेले निवृत्त मास्तर, सगळ्यांना. "काय बाई, आज उशीर?" "पाऊस होता ना." एवढंच बोलणं.

ही सवय मला वाईला आल्यावर लावून घ्यावी लागली. पुण्यात सोळा वर्षं मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम केलं. तिथे नियम सोपा होता. माझ्याकडे येणारं कोणी रस्त्यात दिसलं तर आपण आधी ओळख द्यायची नाही. त्यांनी दिली तर हसायचं. कर्वे रस्त्यावर हे सहज जमायचं. इथे पहिल्याच महिन्यात मंडईत एक बाई समोर आल्या. मी नियमाप्रमाणे नजर भेंडीवर ठेवली. त्यांच्या सोबतच्या जाऊबाईंनी लगेच विचारलं, "ह्या तुझ्याशी बोलत का न्हाईत गं? काय झालंय का?" लहान गावात न बोलणं हीच बातमी होते. तेव्हापासून मी सगळ्यांशी बोलते. सगळ्यांशीच बोलणारी बाई आज कोणाशी बोलली, हे कोणी मोजत बसत नाही.

सकाळी ७.००

जिन्याचं दार उघडून आधी दोन्ही खोल्यांत धूप फिरवते. पावसाळ्यात जुन्या वाड्याला कुबट वास धरतो. कुलपाचं लोखंडी कपाट कोरडं आहे ना, ते हात लावून बघते. त्यात पुण्याच्या सोळा वर्षांच्या नोंदी आहेत. बाकीचं सामान टेम्पोतून आलं. हे कागद मी स्वतःच्या गाडीतून, शेजारी ठेवून आणले.

जागा बघायला चार महिने गेले. एस.टी. स्टँडसमोरचा गाळा उजेडाचा होता, भाडंही परवडणारं होतं, पण दार काचेचं आणि समोर चहाची टपरी. माझ्या दारात कोण किती वाजता शिरलं, हे टपरीवरच्या बाकाला पाठ झालं असतं. दुसरी जागा एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. मालक म्हणाले, पाटी मोठी लावा, लोकांना कळायला पाहिजे. मी तिथून परतले. तिसरी ही. पुढचा जिना आळीत उतरतो, मागचा बोळातून घाटाकडे. खाली शिवणकामाचं दुकान आहे, ब्लाउजचं माप द्यायला बायका येतातच. पुढच्या जिन्याने यायचं, मागच्याने जायचं, दोघांच्या मध्ये वीस मिनिटं मोकळी ठेवायची. पुण्यात याच वीस मिनिटांत मी नोंदी लिहायची. इथे ती जिना रिकामा होण्यासाठी लागतात.

रस्त्यावर पाटी नाही. वर दाराशी माझं नाव आहे, पदवी आहे, नोंदणी क्रमांक आहे, आणि खाली 'समुपदेशन'. 'मानसोपचार' हा शब्द मी मुद्दाम टाळला. तो वाचला की इकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे येरवड्याच्या मनोरुग्णालयाची भिंत येते. तो दोष शब्दाचा नाही, पण घाबरलेल्या माणसाशी दारातच वाद कशाला घालायचा?

आतल्या दारावर आईने जुन्या नऊवारींची शिवलेली जाड गोधडी टांगली आहे आणि बाहेरच्या खोलीत एक जुना टेबलफॅन घरघरत असतो. लाकडी भिंतीतून आवाज जातो, म्हणून ही तजवीज. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात तो स्पष्ट लिहिला आहे. पण कायदा भिंतीच्या फटी बुजवत नाही. शहरात गर्दीचा आडोसा फुकट मिळतो. इथे तो हाताने उभा करावा लागतो, आणि तो उभा राहीपर्यंत उपचार सुरूच होत नाहीत असं आता माझं ठाम मत झालं आहे.

(पुढे जी माणसं येतील त्यांची ओळख पटेल असं सगळं मी बदललं आहे. काही ठिकाणी दोघांतिघांचं मिळून एक माणूस केलं आहे.)

सकाळी ८.१५

शाळेआधी एक शिक्षिका येतात. वर्गात उभं राहिलं की छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात. हृदयाच्या सगळ्या तपासण्या दोनदा झाल्या, त्यात काही निघालं नाही. आज त्यांनी मुद्दाम जिना भरभर चढून ती धडधड आणली आणि ती आपोआप उतरेपर्यंत खुर्चीत बसून राहिल्या. चार मिनिटं लागली. "एवढीच?" म्हणाल्या. मागच्या जिन्याने गेल्या.

सकाळी १०.००

आज बाजाराचा दिवस. आठवड्यातला माझा सर्वांत भरलेला दिवस हाच. खेड्यावरून येणाऱ्याला घरी कारण सांगावं लागतं, आणि बाजाराची पिशवी हे सर्वांत चांगलं कारण. पाऊस असला तर आणखी बरं, छत्रीखाली चेहरा दिसत नाही.

फोनचे नियमही इथे नव्याने करावे लागले. पुण्यात आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर आठवण जायची. इथे एक फोन तिघं वापरतात, संदेश आधी मुलगा वाचतो. म्हणून संदेश नाही. पुढची वेळ चिठ्ठीवर, चिठ्ठीवर फक्त वार आणि तास. फीचंही तसंच. फोनवरून पैसे पाठवले की नवऱ्याला क्लिनिकचं नाव दिसायचं, म्हणून ते खातं बदलून साध्या माझ्या नावाचं केलं. बहुतेक जण रोखच देतात, काही जण अर्धे आज आणि अर्धे पुढच्या बाजाराला. पुण्याच्या तिसऱ्या हिश्शात इथे फी ठेवली आहे. त्यात घरभाडं आणि आईची औषधं भागतात.

सकाळी ११.००

पसरणीचा घाट उतरून तो येतो. स्ट्रॉबेरीची शेती. गेल्या हंगामात फळ तयार असताना अवेळी पाऊस लागला आणि हातातलं पीक सडलं. सोसायटीचं कर्ज आहे, मेव्हण्याकडून उसने घेतलेले वेगळे. पहिल्या भेटीत म्हणाला होता, "मला कायबी झालेलं न्हाई. निस्ती झोप येत न्हाई."

नैराश्य मोजायला आम्ही नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतो, गेल्या दोन आठवड्यांबद्दलची. 'उदास वाटतं का?' या प्रश्नाला इथला शेतकरी नाही म्हणतो. 'जीव रमतो का?' विचारलं की मान खाली जाते. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो मी कधीच गुळमुळीत विचारत नाही. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, ही भीती खोटी आहे. उलट कोणीतरी सरळ विचारलं याने माणूस सैल होतो.

आज मी विचारलं. बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "परवा औषधाच्या खोलीत जाऊन उभा राहिलो हुतो."

औषध म्हणजे फवारणीचं. शेतकऱ्याच्या घरात ते हाताशी असतं, आणि हा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो; उंच चढतो आणि ओसरतोही. त्या वेळात औषध आणि माणूस यांच्यामध्ये अंतर असलं तर माणूस वाचतो. हे मी पुस्तकात शिकले होते. पुण्यात त्याचा अर्थ गोळ्यांची पाकिटं बहिणीकडे ठेवा, एवढाच होता. इथे खोली आहे, कडी आहे, कुलूप आहे, आणि लागवडीचे दिवस जवळ येत असल्याने खोली भरलेली आहे.

पुढचा तास आम्ही दुसरं काही केलं नाही. खोलीची चावी कोणाकडे? "माझ्याकडंच." घरात कोण आहे? थोरला भाऊ, पलीकडच्या वस्तीवर. त्याला सांगायचं का? इथे तो अडला. गोपनीयता मोडायची वेळ येते ती जीवाला धोका असताना, आणि तेव्हाही शक्यतो त्या माणसाच्या संमतीने, त्याच्यासमोर. शेवटी तो म्हणाला, तुम्हीच सांगा. मी त्याच्याच फोनवरून भावाला बोलावलं. भाऊ बाजारातच होता, मिरच्यांची पिशवी घेऊन वर आला. सगळं ऐकून त्याने पहिला प्रश्न विचारला, "पोलिस केस हुईल का?" मी सांगितलं, विचार येणं हा गुन्हा नाहीच. आणि कोणी प्रयत्न केला तरी तो तीव्र ताणाखाली होता असंच २०१७चा कायदा धरून चालतो. भावाने पिशवी खाली ठेवली आणि धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. दोघं एकमेकांकडे न बघता बसून राहिले.

ठरलं ते असं. औषधं आजच भावाच्या वस्तीवर जातील, चावी भावाच्या कंबरेला. फवारणी दोघं मिळून करतील. रात्री कोणीतरी त्याच खोलीत झोपेल. उद्या सकाळी साताऱ्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे, सोबत भाऊ. मी औषधं लिहून देऊ शकत नाही आणि याला त्यांची गरज आहे. चिठ्ठीच्या मागे १४४१६ लिहून दिलं, टेलिमानस या हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. आणि औषधं हलली की मला मिस्ड कॉल, दोन रिंग.

दुपारी १.१५

घरी जेवायला. आईने आमटी केली आहे. बाबा गेल्यावर ती एकटी पडली, म्हणून मी आले. लोक विचारतात तेव्हा एवढंच सांगते. वाईला बाहेरून येऊन राहिलेल्या माणसांची सवय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी धुळ्याकडच्या पिंपळनेरहून शिकायला म्हणून इथल्या प्राज्ञपाठशाळेत आले आणि विश्वकोशाचं कामही त्यांनी इथूनच केलं. आईला हे सांगायला फार आवडतं. तिला वाटतं, त्याने माझा धीर वाढतो. वाढतोही.

पुणं सोडणं मात्र जड गेलं. सहा महिने आधी प्रत्येकाला तोंडी सांगितलं. एका तरुण मुलीची आई लहानपणी घर सोडून गेली होती. तिला मी 'जाणार आहे' म्हणाले तेव्हा ती काहीच बोलली नाही आणि पुढचे दोन आठवडे आली नाही. तिसऱ्या आठवड्यात आली आणि माझ्यावर ओरडली. मी तिला अडवलं नाही. आईवर ओरडायला तिला कधी मिळालंच नव्हतं. उरलेले महिने आम्ही निरोप घेण्याचंच काम केलं: कोण जातं, का जातं, जाणारं माणूस सांगून गेलं तर काय वेगळं होतं. जे लोक जागा बदलताना दारावर नुसती चिठ्ठी लावून जातात त्यांच्याबद्दल मला राग आहे. आपण खुर्च्या हलवत असतो, पण समोरच्याचा आधार हलत असतो.

दुपारी २.३०

ही वेळ बायकांची. जेवणं झालेली, भांडी घासलेली, चहाला अवकाश. सासूबाई सुनेला घेऊन आल्या आहेत. शेजारी सांगताना कंबरदुखीचं निमित्त. सुनेच्या अंगात वारं येतं, मांढरदेवीच्या काळूबाईचं. मंगळवारी, शुक्रवारी घुमते. फिट येत नाही ना, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घेतलं होतं.

अंगात येतं ते खरं की खोटं, या वादात मी पडत नाही. मी विचारते: देवी कधी येते? काय मागते? दुसऱ्या भेटीत कळलं की देवी सासऱ्यांना एकेरी हाक मारते आणि म्हणते, लेकीला माहेरी धाडा. दोन वर्षं ही माहेरी गेलेली नव्हती. त्या घरात तिचं ऐकलं जाण्याची तेवढीच एक वेळ होती. म्हणून आम्ही देवीला हात लावला नाही. तिने स्वतःच्या आवाजात एक वाक्य म्हणायला शिकायचं, एवढंच काम धरलं. इथे या खोलीत मी सासू व्हायची, कधी सासरा. पहिल्यांदा तिच्या तोंडून नुसती हवा आली.

आज सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "काल भाकऱ्या थापताना म्हणली, आत्या, पंचमीला मला म्हायेरला जायचंय." मग थोडं थांबून, "मी बी कंदी असं बोलले न्हवते." मी सुनेकडे बघितलं. ती गोधडीच्या टाक्यांवरून बोट फिरवत होती आणि हसू दाबत होती. आजपासून पुढचा अर्धा तास सासूबाईंसाठीही ठेवला.

दुपारी ४.३०

चहाला एका डॉक्टरांकडे. जनरल प्रॅक्टिस, तीस वर्षं. अशक्तपणा, अंगदुखी, घाबरं होणं घेऊन सगळे आधी त्यांच्याकडे जातात, सलाईन लावा म्हणतात. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य, चिंता अशा नेहमीच्या आजारांत सुमारे ८५ टक्के लोक उपचारापर्यंत पोहोचत नाहीत असं आढळलं होतं. पण ते कुठेतरी जातातच. यांच्या बाकावर बसलेले असतात. आता डॉक्टर सलाईनच्या आधी दोन प्रश्न विचारतात: झोप कशी, जीव रमतो का. गरज वाटली तर चिठ्ठीवर माझं नाव लिहीत नाहीत, तोंडाने सांगतात. मीही त्यांना 'अमका आला होता' असं त्या माणसाच्या परवानगीशिवाय सांगत नाही. सुरुवातीला त्यांना ते खटकलं. आता विचारत नाहीत.

संध्याकाळी ६.००

बारावीचा मुलगा, क्लासच्या दप्तरासह. अर्धा वेळ गप्प. गप्प बसायला त्याला दुसरीकडे जागा नाही, म्हणून मीही गप्प बसते.

संध्याकाळी ७.३०

पुण्याचे दोघं अजून पडद्यावर भेटतात. वीज गेली, बोलणं मध्येच तुटलं, मग साध्या फोनवर पूर्ण केलं. ती मुलगी मात्र आता पुण्यातच दुसऱ्या ताईंकडे जाते. तिच्या संमतीने मी त्यांना सगळं समजावून दिलं होतं.

रात्री ९.००

नोंदी लिहून कपाटाला कुलूप लावलं. फॅन बंद केल्यावर वाडा एकदम शांत झाला, नदीचा आवाज वर आला. फोन टेबलावर ठेवून बसले. नऊ दहा. नऊ वीस. घाटात धुकं असेल, वस्तीवर रेंज नसेल. साडेनऊपर्यंत थांबायचं आणि मग भावाला फोन करायचा, असं मनाशी ठरवलं.

नऊ अठ्ठावीसला फोन वाजला. एक, दोन, आणि बंद.

मी वहीत वेळ लिहिली आणि मागच्या जिन्याने खाली उतरले.