तबकडीतील गाणे

चंदगडच्या एका अंगास कोल्हापूर, तर दुसऱ्या अंगास सह्याद्रीपलीकडे गोवा. या दोन मुलखांना संगीताने जोडले. अल्लादियाखाँसाहेब (१८५५–१९४६) हे कोल्हापूरचे दरबारगायक; केसरबाई केरकर या त्यांच्या गोमंतकीय शिष्या. खाँसाहेबांच्या गायनाची ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही! त्यांची गायकी ऐकावयाची, ती शिष्यांच्या तबकड्यांतूनच. परंतु जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तासभर रंगणारा राग तीत कसा बसावा? म्हणून रसिक तबकड्या एकमेकांना देत, एकत्र बसून पुनःपुन्हा ऐकत. एकाला तानेचा पेच उमगे, दुसऱ्याला समेवर येण्याची खुबी. ज्याने मैफल ऐकलेली असे, तो गाळलेला विस्तार समजावून सांगे. केसरबाईंची अशीच एक छोटी भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांतून अंतराळात गेली. तेथे ती कोणी ऐकलीच, तर विस्तार सांगणारा शेजारी मात्र त्याला मिळावयाचा नाही.