रिपीट करण्याचा हिशेब

वैद्यकीय पदवीच्या प्रवेशासाठी देशभर एकच घेतली जाणारी राष्ट्रीय पात्रता तथा प्रवेश परीक्षा, म्हणजेच नीट, किती वेळा द्यावी यावर बंधन नाही. खुल्या प्रवर्गासाठी असलेली 25 वर्षांची वयोमर्यादाही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये काढून टाकली, त्यामुळे थांबायचे केव्हा हे आता नियम सांगत नाही, ते विद्यार्थ्याला आणि त्याच्या घरच्यांनाच ठरवावे लागते. बारावीनंतर अन्यत्र प्रवेश न घेता याच परीक्षेसाठी पुढचे वर्ष देण्याला विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘ड्रॉप घेणे’ आणि तसे करणाऱ्याला ‘रिपीटर’ म्हणतात. बहुतेक घरांत हा निर्णय ‘थोडक्यात हुकले’ या एका वाक्यावर होतो, आणि नेमके तेच वाक्य सर्वांत कमी तपासले जाते.

किती गुणांनी हुकले हे मोजण्यासाठी गुण हे माप फारसे विश्वासाचे नाही. 2024 मध्ये सर्वोच्च गुण 720 पैकी 720 होते, तर 2025 मध्ये, विशेषतः भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका अवघड गेल्यामुळे, ते 686 वर आले, आणि शासकीय प्रवेश जेथे ठरतात त्या मधल्या क्रमांकांवर ही घसरण शंभराहून अधिक गुणांची होती. म्हणूनच मागच्या वर्षीचा कट-ऑफ, म्हणजे शेवटच्या प्रवेशाचे गुण, समोर ठेवून आखलेले उद्दिष्ट पुढच्या वर्षी निरर्थक ठरू शकते. पाहायचा तो क्रमांक, आणि तोही आपल्या प्रवर्गातला व आपल्या राज्याच्या यादीतला, कारण शासकीय महाविद्यालयांतील 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उरलेल्या 85 टक्के राज्याच्या यादीतून भरल्या जातात. शिवाय जागांची संख्याही स्थिर नसते. महाराष्ट्रात 2024 मध्ये अमरावती, जालना, हिंगोली, वाशिम, गडचिरोली अशा ठिकाणी मिळून 10 नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, आणि अशा एखाद्या निर्णयाने यादीतील शेवटचा क्रमांक बराच खाली सरकतो.

यापेक्षा अधिक सांगण्याजोगा पुरावा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या उत्तरपत्रिकेत असतो. परीक्षा घेणारी राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए, उत्तरपत्रिकेची प्रत आणि उत्तरसूची दोन्ही उपलब्ध करून देते, तरीही ती शांतपणे घेऊन बसणारी घरे विरळाच. प्रश्न 180, त्यांतील जीवशास्त्राचे 90 आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी 45. बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला 1 गुण वजा होतो. समजा, एखाद्याची 120 उत्तरे बरोबर, 45 चूक आणि 15 प्रश्न कोरे आहेत, तर त्याचे गुण 435 होतात. चुकलेल्यांपैकी 20 उत्तरे बरोबर आली असती तर प्रत्येकी 5 गुणांचा फरक पडून तेच 535 झाले असते. आता त्या 20 प्रश्नांचे स्वरूप पाहिले पाहिजे. विषय येत असूनही आकडेमोडीत किंवा प्रश्न वाचण्यात चूक झाली असेल, तर ती सरावाने सुधारणारी उणीव आहे; संकल्पनाच कळली नसेल, तर काम मोठे आहे; आणि उत्तरे निव्वळ अंदाजाने दिली असतील, तर बरोबर आलेल्या 120 पैकीही काही नशिबाचीच असणार, अर्थात त्याची खरी तयारी 435 च्याही खालची समजावी लागते. हा शेवटचा मुद्दा कटू आहे, पण ‘थोडक्यात हुकले’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना तो लागू पडतो. उणीव कोणत्या विषयात आहे यानेही फरक पडतो, कारण जीवशास्त्रातील गाळलेली प्रकरणे पाठ्यपुस्तक बारकाईने वाचून काही महिन्यांत भरून काढता येतात, तर भौतिकशास्त्राची कच्ची बैठक अनेकदा अकरावीपर्यंत मागे जाते.

रिपीटरचा खरा लाभ वेळेचा असतो: बारावीची लेखी परीक्षा, प्रात्यक्षिके आणि महाविद्यालयातील हजेरी यांतून तो मोकळा होतो. लातूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड येथील क्लासेस रिपीटरांच्या स्वतंत्र तुकड्या चालवतात त्या याच आधारावर. (त्यांच्या फ्लेक्सवर झळकणारे चेहरे यशस्वी झालेल्यांचे असतात, त्याच तुकडीतून पुन्हा हुकलेल्यांचा फ्लेक्स कोणी लावत नाही, त्यामुळे फ्लेक्स पाहून शक्यतेचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही.) मात्र हा लाभ एकदाच मिळतो. दुसऱ्या प्रयत्नात अख्खे वर्ष मोकळे होते आणि तरीही क्रमांक फारसा वर सरकला नाही, तर तिसऱ्या प्रयत्नात दूर करण्याजोगा असा अडथळा उरत नाही. आजारपण किंवा घरातील संकट यांसारखे स्पष्ट कारण नसेल, तर तिसऱ्या वर्षाची बाजू कमकुवतच मानावी लागेल.

खर्चाच्या बाजूला क्लासचे आणि वसतिगृहाचे पैसे सहज मोजले जातात, गेलेले वर्ष मात्र मोजले जात नाही; पण साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, एक वर्षाची आंतरवासिता आणि त्यापुढील पदव्युत्तर प्रवेशाची तयारी हा पल्ला मुळात लांब असल्याने एक वर्ष त्या मानाने लहान ठरते, हेही खरे. खासगी महाविद्यालयाचे दरसाल काही लाखांचे शुल्क वाचवण्यासाठी वर्ष देणे हिशेबाला धरून असू शकते.

दंतवैद्यक किंवा आयुर्वेद पदवीला प्रवेश घेऊन नीटची तयारी चालू ठेवणे हा मधला मार्ग अनेकांना सुरक्षित वाटतो. त्यात अभ्यास दोन ठिकाणी विभागला जातो, आणि रिपीटरला मिळणारा मोकळा वेळ, जो त्याचा एकमेव लाभ होता, तोच जातो. शिवाय मूळ कागदपत्रे महाविद्यालयात जमा असतात आणि ठरलेल्या मुदतीनंतर प्रवेश रद्द केल्यास आर्थिक भुर्दंड पडू शकतो. म्हणून हा मार्ग निवडणाऱ्याने राज्याच्या सीईटी कक्षाच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतील प्रवेश रद्द करण्याचे नियम पसंतीक्रम भरण्याआधीच वाचलेले असावेत.