छोटा ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा घ्यावा?

वाशीम जिल्ह्यात कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव या भागांत दुकान किंवा कारागिरी सांभाळून तीन-पाच एकर शेती करणारे आपले अनेक बांधव आहेत. मृगाच्या पावसानंतर वापसा आला की सर्वांची पेरणी एकदमच निघते. भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर मिळत नाही आणि सोयाबीन मागे पडते. मग स्वतःचा छोटा ट्रॅक्टर घेण्याचा विचार येतो आणि पहिला प्रश्न होतो, कंपनी कोणती? खरे तर हा प्रश्न शेवटी विचारावा.

आधी काम ठरवा. कोळपणी, फवारणी, हलकी पेरणी आणि लहान ट्रॉली एवढेच काम असेल तर महिंद्रा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ अशा १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर भागते. लहान रोटाव्हेटर चालवायचा असेल तर २० च्या पुढची अश्वशक्ती आणि चारही चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर पाहावा. महिंद्रा जिवो २४५ (२४ अश्वशक्ती) आणि कुबोटा निओस्टार ए २११ (२१ अश्वशक्ती) हे त्या वर्गातले. आपल्या काळ्या जमिनीत चारचाकी जोराचा फायदा होतो, पण किंमतही वाढते. खोल नांगरट आणि बीबीएफ पेरणी यांसाठी मोठा ट्रॅक्टर भाड्यानेच आणावा. लहान यंत्राकडून ते काम ओढून घेऊ नये.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. कापडाच्या धंद्यात आपण मिलचे नाव पाहतो, पण तागा उलगडून पन्हा आणि काठ तपासल्याशिवाय सौदा करीत नाही. इथेही तसेच करावे. पुण्याच्या फोर्स मोटर्ससारख्या जुन्या कंपनीने २०२४ मध्ये ट्रॅक्टरचा व्यवसाय बंद केला. म्हणून नावावर भरवसा ठेवून भागत नाही. तालुक्यात त्या ट्रॅक्टरचा मिस्त्री आहे काय? क्लच प्लेट आणि फिल्टर दुकानात हजर आहेत काय, आणि भाव काय? पेरणीच्या दिवसांत यंत्र चार दिवस उभे राहिले तर स्वस्त खरेदीचा नफा तिथेच संपतो. इंजिनाची अश्वशक्ती आणि मागच्या पीटीओला मिळणारी ताकद वेगळी असते, म्हणून विक्रेत्याकडे बुदनीच्या केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल मागावा.

तिसरी आणि मोठी गोष्ट म्हणजे भांडवल. ट्रॅक्टरचा खर्च काढताना वर्षाला १००० तास काम धरण्याची पद्धत आहे. एकरी सर्व कामांचे १५ तास धरले तरी पाच एकरांत ७५ तासच होतात. बाकी वेळ यंत्र उभे, आणि दुकानाचा पैसा त्यात अडकलेला. ईदच्या आणि लग्नसराईच्या मालासाठी ठेवलेली रक्कम ट्रॅक्टरमध्ये घातली तर हंगामात उधारीने माल उचलावा लागतो. कर्ज काढले तर सूद आहेच.

यावर रास्त मार्ग शिरकतीचा. शेजारच्या तीन-चार बांधवांनी रोख रक्कम घालून एक ट्रॅक्टर घ्यावा. कोणाचा वाटा किती, पेरणीची पाळी कशी, डिझेल कोणाचे, दुरुस्ती कोणाची, वाटा विकायचा झाल्यास किंमत कशी ठरेल, हे सर्व आधी कागदावर उतरवावे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. भागीदारीतही तोच धडा घ्यावा. तोंडी बोलीवर घेतलेले यंत्र पहिल्या पावसातच भाऊबंदकी सुरू करते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. बिलात तोच दर लागला आहे ना, ते पाहावे. सरकारी अनुदान हवे असल्यास महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करावी. आधी खरेदी केली तर अनुदान हातचे जाते.

काम, मिस्त्री आणि भांडवल या तिन्हींचा हिशेब जुळला की कंपनीचे नाव आपोआप पुढे येते. हिशेब जुळत नसेल तर भाड्याचा ट्रॅक्टर आगाऊ ठरवून ठेवावा. त्यात कमीपणा नाही, आणि दुकानाची बरकतही शाबूत राहते.