धरणात किती राखावे, नदीस किती सोडावे?

वास्को शहराच्या एका अंगास जुवारी नदीचे रुंद मुख आहे आणि दुसऱ्या अंगास अरबी समुद्र. जिकडे पाहावे तिकडे पाणीच पाणी. परंतु ते सारे खारे. घरोघरी नळास जे गोड पाणी येते, ते मडगावच्याही पलीकडून, सांगे तालुक्यातील साळावली धरणातून जलवाहिनीने आणलेले असते. नळ फिरविताच पाणी यावे, ही सवय आपल्या अंगवळणी इतकी पडली आहे की, या पाण्याची राखण कशी होते, याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. म्हणून आज या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधण्याचे आम्ही योजिले आहे.

साळावली ही जुवारीची एक उपनदी. तिच्यावर बांधलेल्या या धरणाची उंची सुमारे ४३ मीटर असून, जलाशय तुडुंब भरला म्हणजे त्यात सुमारे २३४ दशलक्ष घनमीटर पाणी मावते. पाणी काठोकाठ आले की बदकाच्या चोचीच्या आकाराच्या सांडव्यावरून ते आपोआप खाली कोसळते. ते दृश्य पाहण्यास पावसाळ्यात लोकांची रीघ लागते. परंतु धरणाची खरी कसोटी सांडवा वाहतो तेव्हा लागत नाही; ती लागते सांडवा थांबल्यावर. पाऊस चार महिन्यांचा आणि तहान बारा महिन्यांची! जवळजवळ आठ महिने त्याच एका साठ्यावर काढावयाचे असतात.

येथे थोडा हिशेब करून पाहू. साळावलीच्या जलशुद्धीकरण केंद्राची मूळ योजना दररोज १६० दशलक्ष लिटरांची होती. त्या मानाने ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत पिण्यासाठी सुमारे ३९ दशलक्ष घनमीटर पाणी लागेल. म्हणजे भरलेल्या तळ्याचा साधारण सहावा हिस्सा. हे ऐकून कोणासही वाटेल की, मग चिंता कशाची? परंतु या तळ्याचे वाटेकरी अनेक आहेत. कालव्यांवर वायंगण शेती आणि बागायती अवलंबून आहेत. उन्हाने रोज काही पाणी वाफ होऊन उडून जाते. तळाचे काही पाणी तर बाहेर काढताच येत नाही. शिवाय शहरे वाढली, कारखाने आले, आणि मूळ योजनेत पुढे भर घालावी लागली. अशात मृग कोरडा गेला, तर आठ महिन्यांचा हिशेब नऊ महिन्यांवर जातो. म्हणून धरणाचा कारभार पाहणाऱ्यांस महिन्यागणिक पाण्याची पातळी पाहून, कोणास किती द्यावयाचे हे ठरवावे लागते. नाताळात सढळ हाताने सोडलेले पाणी मे महिन्यात परत आणता येत नाही.

तर मग सारे पाणी अडवूनच ठेवावे काय? तसेही नव्हे. नदीचाही आपल्या पाण्यावर हक्क आहे. आपल्या नद्यांमध्ये समुद्राची भरती पार आतपर्यंत चढते. वरून गोड पाण्याची धार येत असली म्हणजे ती खाऱ्या पाण्यास थोपवून धरते. ती धार आटली की खारेपण वर सरकू लागते. मग काठच्या विहिरी मचूळ होतात, कुळागरे सुकतात आणि गोड्या पाण्यातील मासळी नाहीशी होते. ही गोष्ट आपल्या पूर्वजांस पक्की ठाऊक होती. खाजन शेतीचे बांध घालून त्यांनी मानशी बसविल्या. भरतीच्या वेळी मानशीचे दार मिटावयाचे आणि ओहोटीस उघडावयाचे, हा त्यांचा नेम. केव्हा अडवावे आणि केव्हा सोडावे, हे कळणे म्हणजेच पाण्याचे शहाणपण होय.

उत्तरेकडे पेडणे आणि डिचोली येथील आपल्या बांधवांची गोष्टही अशीच आहे. त्यांची मोठी भिस्त तिळारीच्या पाण्यावर. ते धरण महाराष्ट्रातील दोडामार्ग तालुक्यात असून, १९९० साली झालेल्या करारानुसार दोन्ही राज्ये त्या पाण्याची वाटणी करून घेतात. कालवा दुरुस्तीसाठी बंद पडला की, डिचोली तालुक्यातील आमठाणे धरणात राखून ठेवलेले पाणी उपयोगी पडते. हीच तिळारी नदी पुढे शापोरा या नावाने समुद्रास मिळते. एका गावाने वर अडविलेले पाणी खालच्या गावाच्या वाट्यातलेच असते, हे नदी आपणांस असे शिकविते.

साळावलीच्या पाण्याची किंमत काहींनी फार मोठी मोजली आहे. विख्यात गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचे जन्मगाव कुर्डी १९८०च्या दशकात या जलाशयाखाली गेले. तेथे देवळे होती, कपेल होते, मुसलमान बांधवांचे श्रद्धास्थानही होते. दक्षिण गोव्याच्या घराघरांत पाणी जावे म्हणून ती कुटुंबे आपली घरेदारे आणि माडबागा सोडून वाडे व वालकिणी येथे जाऊन राहिली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गावाचे अवशेष वर येतात, आणि मे महिन्यात तेथील जुने रहिवासी आपापल्या उत्सवांसाठी पुन्हा त्या भूमीवर जमतात. त्या वेळी तळे किती खाली गेले आहे, हे कुर्डीच्या उघड्या जोत्यांवरून कोणासही दिसते. वास्कोत वाया गेलेल्या प्रत्येक घागरीच्या मागे ही जोती आहेत, याचे विस्मरण आपणांस होऊ नये.

जुन्या करारातील योसेफाची कथा आपल्या मुलांनाही पाठ असते. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने मिसर देशात धान्य साठविले, आणि दुष्काळ पडताच कोठारे उघडली. साठविणे आणि उघडणे ही दोन्ही कामे त्याने योग्य वेळी केली, म्हणून तर लोक वाचले. दिवंगत परमगुरुस्वामी पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, पिण्याचे शुद्ध पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आहे. हक्क सर्वांचा असेल, तर राखणही सर्वांचीच ठरते.

धरणाची दारे आपल्या हाती नाहीत. नळाची चावी मात्र आहे. गळका नळ आजच दुरुस्त करून घ्यावा. नाही तर थेंबाथेंबाने दिवसाकाठी बादलीभर पाणी वाहून जाते. अंगणातील जुनी विहीर नळ आला म्हणून बुजवू नये. तिचा गाळ उपसावा आणि कौलांवरचे पाणी तिच्या आसपास जिरवावे. भाजी धुतलेले पाणी माडाच्या मुळाशी घालावे. विहिरीतून आपण जितकी घागर भरू, तितके तळ्यात शिल्लक राहील, आणि तेवढेच शेतास व नदीस देता येईल. जेवणापूर्वी अन्नाबद्दल परमेश्वराचे आभार मानताना, यापुढे ताटाशेजारच्या तांब्याचेही स्मरण ठेवावे, एवढीच आमची प्रत्येक कुटुंबास विनंती आहे.