साडेसहाशे किलो

गॅरेजचं तोंड अरुंद आहे. आत आधीच दोन गाड्या उभ्या आहेत आणि तिसरी, १९९४ सालची पांढरी मारुती ८००, भिंतीशी तिरकी अडकली आहे. पुढं घ्यायला जागा नाही, मागं घ्यायलाही नाही. मिस्त्री पाना खिशात टाकतात, हाताखालच्या पोराला हाक मारतात, गाडीच्या मालकालाही बोलावतात. शेजारच्या टायरच्या दुकानातून आणखी एक जण येतो. चौघं मागच्या बाजूनं वाकतात, पत्र्याखाली हात घालतात. ‘हां, उचला’ म्हणताच गाडीचा मागचा भाग जमिनीवरून सुटतो आणि हातभर डावीकडं सरकून पुन्हा टेकतो. कुणाला धापसुद्धा लागत नाही.

‘अख्खी गाडी साडेसहाशे किलो,’ मिस्त्री हात पुसत सांगतात. ‘त्यात इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढं. मागं काय हाय? पत्रा आन् सीट.’

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीजवळ हे गॅरेज आहे. बार्शी, पंढरपूर, तुळजापूर, पार विजापूरपासून लोक जुन्या ८०० घेऊन इथं येतात. गाडी हातानं उचलून बाजूला ठेवणारा मिस्त्री, अशी त्यांची ख्याती कानावर आली होती आणि तीच इथवर घेऊन आली. गल्लीत शिरलं की आधी यंत्रमागांची खटाखट ऐकू येते, मग पेट्रोलचा वास येतो. मिस्त्रींचे वडील यापैकीच एका कारखान्यात टॉवेलच्या मागावर होते. मुलाला मागाच्या धुळीत घालायचं नाही, असं ठरवून त्यांनी त्याला कोवळ्या वयात गॅरेजात चिकटवलं.

ज्या कंपनीनं ही गाडी घडवली, तिची सुरुवातही मागापासूनच झाली होती. मिचिओ सुझुकी हा सुतारकाम शिकलेला तरुण. त्यानं १९०९ साली जपानमधल्या हामामात्सु गावात हातमाग बनवायचा कारखाना काढला. दोन धोट्यांचा माग बनवून त्यानं पट्टेदार कापड विणणं सोपं केलं. पुढं आग्नेय आशियातल्या लुंगीसारख्या सारोंगांसाठी त्याचे माग परदेशी जाऊ लागले. मोटारी करायची धडपड दुसऱ्या महायुद्धाआधीच सुरू झाली होती, युद्धानं ती थांबवली. १९५२ साली सायकलला बसवायचं ३६ सीसीचं इंजिन आलं आणि १९५५ साली सुझुलाइट ही ३६० सीसीची छोटी मोटार. पुढची चाकं ओढणारी ही गाडी त्या काळच्या जपानात नवलाची होती.

मागाच्या कारागिराला काटकसर शिकवावी लागत नाही. यंत्राचा जो भाग काम करत नाही, तो लोखंड खातो आणि जागा अडवतो. सुझुकीच्या मोटारींत ही दृष्टी पुढंही टिकली, आणि ८०० चं बॉनेट उघडलं की ती डोळ्यांना दिसते.

मिस्त्री बॉनेट उघडतात. आत तीन सिलिंडरांचं ७९६ सीसीचं आडवं इंजिन आणि भोवती मोकळी जागा. हात घातला तर कोपरापर्यंत जातो. प्लग समोर, फॅन बेल्ट समोर, कार्बोरेटर वरच. मालक तालुक्याच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक आहेत. त्यांची तक्रार अशी की गाडी सिग्नलला बंद पडते, आणि गरम असताना जास्तच.

‘गुरुजी, चोक ओढून चालवत होता का?’

‘सकाळी थोडा वेळ. मग आत ढकलतो.’

‘पूर्ण जातो का आत?’

गुरुजी विचारात पडतात. मिस्त्री उत्तराची वाट पाहत नाहीत. ते इंजिन चालू करतात आणि एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतात. त्याचं टोक इंजिनाच्या डोक्यावर टेकवून मूठ कानाशी धरतात आणि डोळे मिटतात. मग इन्सुलेशनच्या पकडीनं एकेका प्लगची वायर उपसतात. पहिली काढली, इंजिन थरथरलं. दुसरी काढली, पुन्हा थरथरलं. तिसरी काढली तेव्हाही तसंच.

‘तिन्ही काम करतात. करंट बरोबर हाय. रोग पेट्रोलात हाय.’

पुढचा अर्धा तास कार्बोरेटरचा. एअर फिल्टरचा डबा निघतो, पाइप सुटतात, मिकुनी कार्बोरेटर टेबलावर येतो. फ्लोटच्या कप्प्यात तांबूस गाळ बसलेला. सगळे भाग पेट्रोलच्या ताटलीत पडतात. मिस्त्री पितळेचा स्लो जेट दोन बोटांत धरून उजेडाकडं करतात. त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं आहे. उजेड आरपार दिसायला हवा, तो दिसत नाही. हवेच्या नळीनं फुंकर मारून ते पुन्हा पाहतात, तरी नाही. ताटलीत बुडवून आणखी एकदा फुंकतात. आता जेट गुरुजींच्या हातात देतात. गुरुजी चष्मा कपाळावर सारून एक डोळा मिटतात.

‘दिसतोय,’ गुरुजी म्हणतात.

‘ह्यातनं पेट्रोल जातं म्हणून गाडी सिग्नलला चालू ऱ्हाते. येवढंच.’

तार घालून जेट साफ करायला ते पोराला सक्त मनाई करतात. तारेनं भोक किंचित मोठं झालं, तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. पोरगा आयटीआयला मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकतो आहे. नव्या गाड्यांना जोडायचा स्कॅनर त्याला मिस्त्रींपेक्षा चांगला वापरता येतो. या ८०० ला स्कॅनर लावायला जागाच नाही. म्हणून या गाडीजवळ तो गप्प राहून बघतो.

गाडी भारतात आली तो इतिहास गुरुजींना तोंडपाठ आहे. संजय गांधींची मारुती मोटर्स १९७१ साली निघाली, पण तिच्यातून जनतेची मोटार काही बाहेर पडली नाही. सरकारनं ती ताब्यात घेतली आणि १९८१ साली मारुती उद्योग स्थापन झाला. ऑक्टोबर १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला, सुरुवातीचा हिस्सा २६ टक्के. गाडी येण्याआधीच लाखाहून जास्त लोकांनी पैसे भरून नंबर लावला. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. किंमत होती ४७ हजार ५०० रुपये. १९८६ साली आजच्या ओळखीचा गोलसर बांधा आला.

८०० येईपर्यंत मध्यमवर्गाच्या वाट्याला अॅम्बेसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, म्हणजे पुढं झालेली पद्मिनी, एवढंच होतं. दोन्ही दणकट आणि दोन्ही जड. आणि दोन्हींसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे.

सुझुकीत ८०० ची पायाभरणी १९७९ सालच्या अल्टोनं केली होती. ओसामु सुझुकी एक वर्ष आधीच कंपनीचे अध्यक्ष झाले होते. अल्टोची किंमत त्यांनी ४ लाख ७० हजार येन ठेवली, त्या वेळी जपानात थक्क करणारी. कर कमी पडावा म्हणून ती मालवाहू वर्गात नोंदवली. ड्रायव्हरशेजारच्या दाराला किल्लीचं भोकच ठेवलं नाही, काच धुवायला हातानं दाबायचा पंप दिला. जपानातल्या छोट्या गाड्यांना तेव्हा ५५० सीसीची मर्यादा होती. परदेशी जाणाऱ्या गाड्यांना ७९६ सीसीचं इंजिन मिळालं आणि तेच गुडगावला आलं. प्रत्येक भागातून एक ग्रॅम वजन आणि एक येन खर्च कमी करा, असा कंपनीत आग्रह असे. लहान, कमी, हलकं, आखूड आणि सुंदर, ही ओसामु सुझुकींची पंचसूत्री कंपनी आजही आपलं तत्त्व म्हणून सांगते. २५ डिसेंबर २०२४ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी ते गेले. पुढच्याच महिन्यात भारत सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केलं.

एक ग्रॅम, एक येन. आणि शेवटी साडेसहाशे किलो.

गॅरेजच्या बाकावर आणखी दोन मालक बसले आहेत. मंगळवेढ्याकडच्या एक डॉक्टरीणबाई. लग्नाआधी वडिलांनी जिच्यावर चालवायला शिकवलं, ती गाडी त्या आजही दवाखान्याला घेऊन जातात. ‘गल्लीत कुठंही वळते, आणि बैल आडवा आला तर लगेच थांबते,’ त्या म्हणतात. पण तुळजापूरच्या घाटात एसी बंद करावा लागतो, हेही त्या लगेच सांगतात. ट्रकला ओलांडायचं असलं तरी आधी एसीच्या बटणाकडं हात जातो. ८०० चालवलेल्या प्रत्येकाच्या हाताला ही सवय आहे. दुसरे टेंभुर्णीचे ऊसवाले शेतकरी. घरात मोठी नवी गाडी आली, तरी ही विकली नाही. ‘तिच्यात काय बिघडलं ते मला कळतं, पोराच्या गाडीत काय बिघडलं ते कंपनीलाच कळतं,’ एवढं सांगून ते चहा मागवतात.

तिघांनाही एक काळजी आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. कार्बोरेटरातली जुनी रबरं आणि पाइप त्यानं लवकर खराब होतात, असं मिस्त्रींचं म्हणणं आहे. मऊ पडून फुगलेला एक पाइप ते पुरावा म्हणून खिळ्याला टांगून ठेवतात. गाडी काही आठवडे उभी ठेवायची असेल, तर टाकी आणि फ्लोटचा कप्पा रिकामा करा, हा त्यांचा प्रत्येकाला सल्ला. दुसरी काळजी कागदांची. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नव्यानं करून घ्यावी लागते, वर पर्यावरण कर. नूतनीकरणाची फी २०२२ साली ६०० वरून ५ हजार झाली आणि २०२५ साली वीस वर्षांवरच्या मोटारींना १० हजार. बाजारात ज्या गाडीचे तीस-चाळीस हजारही यायचे नाहीत, तिच्यासाठी हा मोठा खर्च आहे.

सोलापूरनं ही गाडी एकदा आधीच गमावली आहे. एप्रिल २०१० मध्ये प्रदूषणाचे भारत स्टेज चार नियम देशातल्या तेरा शहरांत लागू झाले. त्यात मुंबई, पुण्याबरोबर सोलापूरही होतं. ८०० चं इंजिन त्या नियमात बसवायचं नाही असं कंपनीनं ठरवलं, आणि या शहरांत नवी ८०० मिळेनाशी झाली. १८ जानेवारी २०१४ रोजी शेवटची गाडी कारखान्यातून बाहेर पडली. त्याच महिन्याच्या अखेरीस ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतीय छोट्या गाड्यांच्या धडक चाचण्यांचे निकाल जाहीर केले. ८०० च्या जागी आलेल्या अल्टो ८०० ला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही.

हे सांगितल्यावर मिस्त्री वाद घालत नाहीत. धडकलेल्या ८०० त्यांनी पाहिल्या आहेत. पत्रा कसा गोळा होतो, ते हाताची मूठ करून दाखवतात. हायवेला रात्री ही गाडी घेऊ नका, असं ते गिऱ्हाइकांना बजावतात. डॉक्टरीणबाई पुण्याला जाताना एसटीनं जातात. हलकेपणाची ही किंमत खरी आहे आणि ती माणसांनी मोजली आहे. पण साडेसहाशे किलोंच्या गाडीनं गावोगावच्या लाखो घरांना पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर बसवलं, तेही थोड्या पेट्रोलमध्ये, थोड्या लोखंडात. एकट्या माणसाला कामावर जायला आज दीड टनाची गाडी लागते आणि त्याला प्रगती म्हणतात. त्या दीड टनाचंही इंधन कुणीतरी भरतं आणि त्याचा धूर कुणीतरी गिळतं.

कार्बोरेटर परत बसला. मिस्त्री चोकची केबल मोकळी करतात, ती खरोखरच अर्धवट अडकत होती. किल्ली फिरवताच इंजिन एका दमात चालू होतं. ते डाव्या हातानं हवेचा स्क्रू पाव फेरा फिरवतात, थांबतात, ऐकतात, केसभर मागं घेतात. उजव्या हातानं आयडलिंगचा स्क्रू. काटा, मीटर काही नाही. आवाज आधी गचके खातो, मग सरळ होतो. तळव्याखाली बॉनेटची कड किंचित थरथरत राहते. ‘तीन सिलिंडर हायेत, येवढं हलणारच,’ ते गुरुजींना सांगतात. पंखा सुरू होईपर्यंत इंजिन तापवून ते हेडलाइट लावून बघतात. गाडी बंद पडत नाही. बिल साडेचारशे रुपये, नव्या गॅस्केटसकट.

हामामात्सुच्या कंपनीनं २०२४ साली आपलं तंत्रज्ञानाचं धोरण जाहीर केलं. जपानातली आजची अल्टो ६८० किलोंची आहे. तिच्यातून १०० किलो वजन कमी करायचं त्यांनी ठरवलं आहे. बॅटऱ्यांमुळं जगभरच्या मोटारी दिवसेंदिवस जड होत असताना हा निर्णय उलट दिशेचा आहे आणि अवघडही. ही बातमी ऐकून मिस्त्री पाना खाली ठेवतात. शेजारी दुरुस्तीला आलेली एक नवी गाडी उभी आहे. तिच्याभोवती फिरून ते बोटानं एकेक वस्तू दाखवू लागतात. हा टचस्क्रीन. हे काचेचं छत. सीट पुढंमागं करायची मोटार. पायाखालचं जाड कव्हर. रुंद टायर, आणि ते रुंद म्हणून जड चाकं.

‘हे सगळं काढा म्हणावं,’ ते पोराला सांगतात. पोरगा हसून विचारतो, ‘आन् एअरबॅग?’

मिस्त्री मान हलवतात. ‘एअरबॅग ऱ्हाऊ दे. ब्रेक ऱ्हाऊ दे. बाकीचं मोजायला घे.’